उरलेली मांजर

एका गावात एक पेढेवाला आणि त्याची बायको राहत होते. पोटी मूलबाळ नव्हतं, पण कढईत दूध बारा महिने आटत असे, आणि जिथं दूध तिथं मांजर आलंच. त्यांच्या घरात दोन होत्या, एकाच आईच्या. पांढरीशुभ्र ती साय आणि काळ्या-करड्या ठिपक्यांची ती खरवड. नावं पेढेवालीनंच ठेवली होती, तेव्हा तिचा जीव कुणावर जास्त होता हे वेगळं सांगायला नको. साय पेढेवालीच्या मांडीवर बसे आणि खरवड सायीजवळ बसे. साय पिऊन उठली की मगच ती वाटीला तोंड लावी.

एका सकाळी साय चुलीपाशी निजलेली दिसली, ती उठलीच नाही. ना आजार, ना जखम. काल संध्याकाळी उड्या मारणारं जनावर हाताला गार लागलं. पेढेवालीनं हंबरडा फोडला. अंगणातल्या पेरूखाली सायीला पुरलं, वर झेंडूची फुलं वाहिली.

खरवड त्या मातीवर जाऊन बसली. वाटी पुढं केली तर नुसता वास घेई आणि मान फिरवी. सायीच्या आधी प्यायची तिला सवयच नव्हती. शेजारच्या म्हाताऱ्या कासारणीनं दोनदा येऊन सांगितलं, हिला मांडीवर घे, बोटानं दूध चाटव, नाहीतर हीही जाईल. पेढेवाली म्हणाली, माझंच मन थाऱ्यावर नाही, मांजराचं काय घेऊन बसलात. रडत मात्र ती मांजरासाठीच होती.

गावात सल्ले फुकट मिळतात. कुणी म्हणालं, घरात मांजर मेलं की दोष लागतो, माणसासारखा दहावा करा. पेढेवालीला ते मनापासून पटलं. दहाव्याला पेरूखाली केळीच्या पानावर दूधभात वाढला, वर ताजा पेढा ठेवला, आणि सगळे लांब उभे राहून कावळ्याची वाट पाहू लागले.

कावळे फांदीवर जमले, पण खाली एक उतरेल तर शपथ. पेढेवाला म्हणाला, तुझ्या नावानं देवळात समई लावीन. पेढेवाली म्हणाली, तुझी चांदीची मूर्ती करून देवघरात ठेवीन. तरी कावळे हलेनात. लोक कुजबुजले, जीव कशात तरी अडकलाय.

पानाच्या शेजारीच खरवड बसली होती. मांजर बसल्यावर कावळा उतरेल कसा, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या बरगड्या वर आल्या होत्या. इतक्या दिवसांत त्या सकाळी पहिल्यांदाच तिनं मान पुढं केली आणि दूधभाताला जीभ लावली.

"खाऊ दे तिला," कासारीण म्हणाली. "आणि तूच सायीला सांग, 'हिला मी सांभाळीन' म्हणून. तेवढंच ऐकायचं असेल तिला."

"ते सायीचं पान आहे," पेढेवाली म्हणाली आणि तिनं काठी उगारली.

काठी लागली नाही, नुसती जवळ आपटली. खरवड धडपडत कुंपणाखालून निघून गेली. लगेच कावळा उतरला. लोकांनी हात जोडले, आत्मा शांत झाला म्हणाले आणि पंगतीला बसले. पेढेवालीलाही फार समाधान वाटलं.

पंगत उठल्यावर तिला खरवड आठवली. हाका मारत ती ओढ्याकडं निघाली. खरवड वाटेतच झुडपाखाली सापडली, ताठलेली. पेढेवालीनं तिला पदरात उचललं, तर वजन असं लागलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तेच लोक पुन्हा आले. हिचाही दहावा करा म्हणाले. कालची पंगत त्यांना बरी गेली होती.

पेढेवाली उंबऱ्यातूनच म्हणाली, "हिला भूक लागली तेव्हा मी काठी उगारली. आता कुठल्या तोंडानं पान वाढू?"

तात्पर्य: गेलेल्यासाठी रडावं, पण राहिलेला दिसेल एवढा एक डोळा कोरडा ठेवावा.