शुश्रूषेचा अर्थ

“धातू ‘श्रु’, म्हणजे ऐकणे. इथवर पटलं, गुरुजी. मग शुश्रूषा म्हणजे आजाऱ्याची सेवा, हे कसं?”

वैजनाथ हटूनच बसला होता. श्रुती, श्रोता, श्रवण, विश्रुत... या धातूची सगळी पिलावळ त्याच्या जिभेवर होती. शुश्रूषा म्हणजे मुळात ‘ऐकण्याची इच्छा’, हेही त्याला ठाऊक होतं. पण ऐकू इच्छिणारा माणूस रोग्याच्या उशाशी कसा पोचला, ते उमगत नव्हतं. गेल्या वर्षी पंडितांच्या सभेत तो इथेच अडला होता, आणि लोक हसले होते. यंदाची सभा पाच दिवसांवर आली होती.

त्र्यंबकशास्त्री पोथी बांधत म्हणाले, “राधाक्कांना विचार.”

वैजनाथ चमकला. राधाक्कांनी वीस वर्षं पाठशाळेचा स्वयंपाक केला होता. महिन्यापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि वाचा गेली.

“त्या बोलत नाहीत, गुरुजी.”

“म्हणूनच.”

अर्थ घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवून वैजनाथ त्यांच्या घरी गेला.

राधाक्का खाटेवर पडून होत्या. त्याला पाहताच त्यांच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला, “वा... वा...”

वारा हवा असेल. त्याने खिडकी उघडली. त्यांची मान हलली... नाही. वाटी? त्याने पेज पुढे केली. त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याने अंग पुसलं, कूस बदलली, आणि मनात सूत्रं घोकत राहिला.

“वा... वा...” अक्कांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. पेज तशीच निवून गेली.

तिसऱ्या दिवशी त्याने घोकणं थांबवलं. त्यांच्या ओठांशी कान नेऊन नुसता बसला.

“वा...”

बराच वेळ गेला. मग परसातून एक बारीक, थकलेलं हंबरणं आलं.

तो धावला. शेजारीण अक्कांच्या गाईचं दूध काढून नेई आणि वासराला लांब बांधून ठेवी. वासराच्या फासळ्या मोजता येत होत्या. वैजनाथने दावं सोडलं. वासरू धडपडत आईच्या कासेला लागलं.

तो आत आला. पेजेची वाटी पुढे केली.

राधाक्कांनी तोंड उघडलं.

चौथ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा तिथे आले. “अर्थ लागला?”

वैजनाथने मान डोलावली.

“मग सभेला निघ.”

“सभा पुढच्या वर्षी. अक्कांना अजून उठून बसता येत नाही... पण एक शंका आहे, गुरुजी.”

“बोल.”

“शुश्रूषेचं क्रियापद आत्मनेपदी चालतं. म्हणजे ‘आपल्यासाठी’. सूत्र मला पाठ आहे, मी कारण विचारतोय. सेवा दुसऱ्याची, मग पद आपल्यासाठीचं का?”

शास्त्रीबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. दाढीचे खुंट वाढलेले, धोतरावर पेजेचे डाग.

“राधाक्का अजून अंथरुणावरच आहेत ना?”

“हो.”

“मग या चार दिवसांत बरं कोण झालं?”