काठोकाठ भरलेली बॅटरी

गाड्या नुकत्याच विजेवर धावू लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. घाटमाथ्यावरच्या गाडीत नव्याने आलेल्या बॅटरीला वाटलं होतं, आपल्याला काठोकाठ भरलेलं पाहून सगळे कौतुक करतील. पण पहिल्याच उतारावर सगळे तिच्यावर करवादले.

"अगं, उतारावर चाकं मला फिरवतात. त्या जोराची मी वीज करते, म्हणून गाडी हळू होते," मोटर म्हणाली. "घे ही वीज."

"पण जागाच नाही."

"मग आहेच मी एकटा जळायला," तापलेला ब्रेक म्हणाला. "पुढच्या वळणावर मी हात टेकले, तर जाऊ सगळे दरीत."

गाडी कशीबशी उतरली, संध्याकाळी घरी परतली. भरलेलं असणं हा दोष कसा, हे बॅटरीला उमगेना. रात्रभर मोटरचं "घे ही वीज" आणि आपलं "जागाच नाही" तिच्या मनात घोळत राहिलं.

सकाळी चार्जर तिला भरू लागला. थोडी जागा उरली, तोच ती म्हणाली, "पुरे. बाकीचं उतारावर घेईन."