केळीच्या खांबाची पताका

"मग नाव कोणाचं पुकारायचं?" भिकनबाबांनी विचारलं.

"माझं," लीलाधर म्हणाला. "एकट्याचं."

तापीकाठच्या त्या मठाची रीतच होती. पताका चढताना कापड देणाऱ्याचं नाव बाबा मोठ्याने पुकारत, आणि सारं गाव "भलं होवो" म्हणे. लीलाधर बाबांचा जुना शिष्य. त्या पुकाऱ्यात त्याचा जीव अडकला होता.

त्याचंही खोटं नव्हतं. घड कापला की केळीचा खांब बांधावर फेकायचा, सडला की पेटवायचा, एवढंच गावाला ठाऊक. हा तेच खांब घरी ओढून आणी. लोक त्याला खांबवेडा म्हणत. खांबातला वाख, म्हणजे चिवट धागा, काढायचं यंत्र त्याने बनवलं, तेव्हा तर हसून हसून त्यांची पोटं दुखली.

आज त्याच वाखाची बारा हात पताका बाबांच्या मांडीवर होती. सोनेरी, उन्हात चमकणारी.

"आणि ती?" बाबांनी ओट्याकडे हनुवटी उडवली.

ओट्यावर लिगाया बसली होती. फिलिपिन्सची विणकरीण. आपल्या आणि तिच्या देशाने मिळून केळीच्या कापडाचं काम काढलं, तेव्हा ती इथे आली. तिच्या बेटावर केळीच्याच जातीच्या झाडाचं कापड पिढ्यान्‌पिढ्या विणतात, पण वाख अजून सुरीने खरवडतात. लीलाधरच्या यंत्रासारखंच दुसरं यंत्र आता तिच्या बेटाकडे निघालं होतं. मराठी तिला दोनच शब्द येत. ओलं आणि हळू.

"तिने फक्त गाठी मारायला शिकवलं, बाबा."

"फक्त?"

"वाख खांबाएवढाच लांब निघतो. टोकाला टोक बांधत जायचं... तेवढंच."

"मग गाठीशिवाय विणायचं होतंस."

"विणलं ना!" लीलाधरने पिशवीतून एक तुकडा काढला. "हे बघा. एक गाठ नाही."

बाबांनी तुकडा उलगडला. जेमतेम पंच्याएवढा होता.

त्यांनी तो लीलाधरच्या खांद्यावर टाकला. "छान झालाय. घाम पुसायला होईल."

लीलाधरचे कान तापले.

"चेष्टा नको, बाबा. मी एकट्याने लोकांचं ऐकून घेतलंय."

"खरं आहे." बाबांनी पताका त्याच्या पुढ्यात सारली. "नाव तुझंच पुकारतो. आधी तिच्या गाठी सोडून तिच्या हातात दे."

लीलाधर कापडावर वाकला. बोट फिरवत गेला. एका गाठीवर थांबला... पुढे सरकला... परत मागे आला.

मठात माणसं जमू लागली होती. बाबा डोळे मिटून बसले.

"सापडली?"

"ही... नाही, ही माझी असेल." त्याने कापड उजेडात धरलं. मग हळूच खाली ठेवलं. "ओळखू येत नाही, बाबा. माझा हात तिच्यासारखाच झालाय."

बाबांनी पताका उचलून काठीच्या दोराला अडकवली.

लीलाधर उठला. ओट्याजवळ गेला आणि दोराचं एक टोक लिगायाच्या हातात दिलं. दुसरं स्वतः धरलं.

"हळू," ती म्हणाली.

पताका काठीला भिडली. वर सरकली. मधेच अडली, तसा गर्दीचा श्वासही अडला. दोघांनी मिळून हिसका दिला. टोकाला पोचताच तापीवरचा वारा तिच्यात शिरला आणि बारा हात सोनं आभाळात फडफडलं.

"अरे, खांबाची! आपल्या खांबाची!" कोणीतरी ओरडलं.

मग कोणी कोणाला आवरेना. ढोल सुरू झाला. त्याला खांबवेडा म्हणणाऱ्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. बायांनी लिगायाला मधे ओढून फुगडी धरली. ती फिरता फिरता "हळू! हळू!" म्हणत हसत होती. गावाला इतका आनंद झालेला लीलाधरने कधी पाहिला नव्हता. त्याचं ऊर भरून आलं. खांद्यावरच्या तुकड्याने त्याने डोळे पुसले.

खाली उतरताच तो बाबांकडे धावला.

"बाबा, गडबडीत नाव पुकारायचं राहिलं की!"

बाबा मान वर करून पताकेकडे बघत होते.

"वाऱ्याने विचारलं, तर सांगू."