हरू न दिलेली पोरं

“...पण वस्ताद, पोरं जिंकून जिंकून माजली, तर त्यांना ताळ्यावर आणायचं कसं?”

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली.

“कुणाची पोरं?”

“ह्यातली.” संग्रामनं मांडीवरचा लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला.

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आणि तालमीगणिक फुटबॉलचा संघ. अशाच एका तालमीच्या संघाला वस्तादांनी हयातभर घडवलं होतं. आता पाय थकले होते. संघ कुणाच्या तरी हाती सोपवायचा होता, आणि दावेदार दोघं : आनंदा पोवार आणि हा संग्राम साळोखे.

संग्राम एके काळी या संघाचा जीव की प्राण. ऐन उमेदीत, भर सामन्यात त्याचा गुडघा मोडला आणि मैदान कायमचं सुटलं. तेव्हापासून तो संगणकावरच्या एका खेळात बुडालेला असे. त्यात चेंडूला पाय लावायचा नसतो. आपण प्रशिक्षक व्हायचं, अकरा जण निवडायचे, त्यांना कानमंत्र द्यायचा आणि सामना बघायचा. संग्रामनं त्यात आपली तालीमच उभी केली होती. खेळाडूंना नावंसुद्धा तालमीतल्या पोरांचीच दिली होती.

मैदानाच्या कडेला उभं राहण्याचं एवढं एक स्वप्न त्याच्यापाशी उरलं होतं. तेच मागायला तो आज आला होता. प्रश्न हे नुसतं निमित्त. उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं, आणि उत्तर ठाऊक असलेल्या माणसाइतका नम्र शिष्य शोधून सापडायचा नाही.

“तुझं तूच सांग की,” वस्ताद म्हणाले.

संग्राम याचीच वाट बघत होता.

“हा बघा यासीन. नावापुढं काय लिहिलंय? अतिआत्मविश्वास. लागोपाठ जिंकलं की ह्यांच्या डोक्यात हवा जाते. मग पाठ थोपटायची न्हाई. समोर तळाचा संघ असला तरी त्याला वाघ म्हणायचं. जो जास्त शेफारलाय त्याला बाकावर बसवायचं. बाकीचे आपोआप सरळ.”

“दाव.”

संग्रामनं दाखवलं. यासीनला बसवलं, बाकीच्यांना झाडलं आणि तळाच्या संघाशी सामना सुरू केला.

पडद्यावरची पोरं लग्नाच्या वरातीत निघाल्यागत रमतगमत खेळत होती. तळाच्या संघानं गोल केला. मग आणखी एक. संग्रामनं यासीनला आत घेतलं, पोरांना दटावलं, चुचकारलं. कशाचा काही उपयोग झाला नाही.

सामना गेला.

संग्रामचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्यानं दोन-तीन बटणं दाबली. पडद्यावर सामन्याआधीची सकाळ परत आली.

“हे काय केलंस?”

“मागं गेलो, वस्ताद. हार पुसली.”

या खेपेला त्यानं डाव बदलला आणि सामना खिशात घातला. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

“बघा! उतरला का न्हाई माज?”

वस्तादांनी पडद्यावरच्या पोरांकडं बोट केलं.

“पोरांस्नी ठावं हाय? ती हरली हुती, ते?”

“त्यांना कसं असणार ठाऊक? पुसलं न्हवं का.”

“आन् तुला?”



संग्राम हसला. ते हसू लटकं आहे हे त्याचं त्यालाच कळलं.

वस्तादांनी हात पुढं केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा मोडल्या दिवसापासून त्यांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता. संग्रामनं पाय आखडून घेतला, पण हात तिथंच राहिला.

“ह्या खेळात कुणाचा मोडतो का रं?”

“मोडतो की.” संग्राम पडद्याकडं बघत म्हणाला. “पण मी मोडू देत न्हाई. लगेच मागं जातो.”

“दरवेळी?”

“दरवेळी, वस्ताद. माझ्या एकाही पोराचा मोडू दिला न्हाई.”

वस्तादांचे डोळे भरून आले. पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं त्यांनी याला. संग्रामनं ते डोळे पाहिले. नकार द्यायचा असला की माणूस असंच बघतो, हे त्याला गुडघा मोडला तेव्हा दवाखान्यात कळलं होतं.

तरीही त्यानं विचारलं.

“मग... संघ?”

“आनंदाला.”

कडू जहर झालं त्याचं तोंड. एवढी वर्षं तपश्चर्या कुणी केली, आणि पानात वाढलं कुणाच्या!

“आनंदाला? गेल्या साली बारकी पोरं दिली हुती त्याच्या हातात. एक सामना जिंकला न्हाई! आख्खी पेठ हसली त्याला, वस्ताद. तुम्हीच बघितलंय की!”

“बघितलंय.”

“हरला तो! सगळीकडं हरला!”

वस्तादांनी त्याच्या गुडघ्यावरचा हात आता काढून घेतला.

“व्हय, हरला. आन् दर हारीच्या दुसऱ्या दिशी, सकाळी, समदी पोरं मैदानात हजर हुती.”