फुंकणीला दम लागला

भांडी बोलायची, त्या काळची गोष्ट. यमुनाबाईच्या चुलीपाशी लोखंडी फुंकणी राहायची आणि शेजारच्या तांब्याच्या लोट्यावर जळायची. "ह्याला रोज चिंचेनं घासून लखलखीत करायचं, अन् मी नुसता धूर खायचा!" त्याच्यासारखं लाल व्हायचं म्हणून ती निखाऱ्यातच तोंड खुपसून बसू लागली. तापून तापून अंगावर लाल थर चढला, तो तिनं मिरवलाही.

एका सकाळी यमुनाबाईनं बाळाच्या पेजेसाठी फुंकलं, तर आतून नुसती सूं सूं शिट्टी निघाली. विस्तव पेटेना. बाळ भुकेनं रडू लागलं.

लोटा म्हणाला, "अगं बाई, हा रंग नव्हे, गंज आहे. त्यानं तुझा गळा आतून अरुंद झालाय, म्हणून दम लागतो. मला घासायला माझ्यात भिजवलेलं चिंचेचं पाणी घे."

"तुझं उष्टं? मुळीच नाही!"

बाळानं हुंदका दिला, तशी फुंकणीनं तोंड उघडलं. लोटा कलंडला, गंज धुऊन निघाला, पेज रटरटली.

फुंकणी अजूनही लोट्याकडे तिरकंच बघते. पण चिंच भिजली की आधी तोंड तीच पुढे करते.