रिकामी स्टेनगन

"मग उस्ताद, सगळ्यांत गुणी कोणती? स्टेन, की नंतर आलेली कार्बाइन?"

मेजर इंद्रजित शितोळ्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

 दर्ग्याच्या ओट्यावर बसून दस्तगीर मुलाणी कंदिलाची काच राखेनं पुसत होते. वय पंच्याऐंशीच्या पुढचं. एके काळी पलटणीत हत्यारं शिकवणारे हवालदार. कोवळ्या अफसरापासून शिपायापर्यंत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. आता माणदेशातल्या या उघड्याबोडक्या टेकडीवर पिराची झाडलोट करायचे, आणि खालच्या वाडीची माणसं त्यांना बाबा म्हणायची.

मेजर पुण्याहून मुद्दाम आले होते. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद लागला होता, जुन्या आखूड बंदुकांचा. नळीत शिसं ओतून कायमच्या बंद केलेल्या अकरा बंदुका त्यांच्या दिवाणखान्यात काचेमागं होत्या. परदेशात जाऊन त्यांनी चालत्या बंदुकाही मनसोक्त उडवल्या होत्या. त्यांच्यासारख्याच छांदिष्टांची एक मंडळी होती. दर महिन्याला जमायची, कुणी कधी कोणती चालवली ते रंगवून सांगायची. त्या आठवणींचं आता पुस्तक निघणार होतं आणि पहिलं प्रकरण मेजरांचं होतं.

"तुमच्यावरच आहे, उस्ताद. ऐका तर."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. फायरिंग रेंजची तापलेली माती. हातात पहिल्यांदा आलेली स्टेनगन, तिला सुटलेला तेलाचा वास. शेळीच्या पिल्लासारखी ती हातात उसळली होती, आणि मागून उस्तादांचा आवाज आला होता, 'साहेब, दाबू नका तिला. धरा नुसती.'

मेजरांनी चष्मा काढून पुसला. इथं वाचताना तो दर वेळी पुसावा लागायचा.

"मग?" उस्तादांनी विचारलं.

"मग काय... फायरिंग संपलं. जीप आली. मी मेसमध्ये जेवायला गेलो."

"मग?"

"संपलं, उस्ताद. एवढंच."

उस्तादांनी काच खाली ठेवली.

मेजर जरा हिरमुसले. मग त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली आणि हौसेनं पुढं केली. त्यांच्या संग्रहातली सगळ्यांत जुनी स्टेन.

"धरा. पन्नास वर्षांनी धरताय."

उस्तादांनी ती घेतली. बोटं काही विसरली नव्हती. नळीचं तोंड आभाळाकडं केलं, मॅगझिनची जागा चाचपली, बोल्टचा दांडा मागं ओढून धरला आणि करंगळी आत घालून फिरवली. एकदा. पुन्हा एकदा.

मेजर हसले. "अहो उस्ताद, रिकामीच आहे ती!"

"त्या दिवशीबी तुम्ही ह्येच म्हणाला होता."

...

वारा पडला होता. मेजरांनी हातातले कागद मांडीवर ठेवले.

त्यांना आठवलं, असं म्हणता येणार नाही. ते विसरलेच नव्हते. पन्नास वर्षं ते ही गोष्ट जीपपर्यंत आणून सोडत आले होते, आणि जीपपुढं काही घडलंच नाही असं त्यांचं त्यांनाही वाटायला लागलं होतं.

जीपमध्ये चढताना त्यांनी स्टेन उस्तादांच्या हातात दिली होती. उस्तादांनी विचारलं होतं, 'साहेब, खाली केली?' मागं न बघता ते म्हणाले होते, 'रिकामीच आहे.' मॅगझिन तशीच लागलेली होती. तिच्यात गोळ्या होत्या.

"अफसराचा शब्द म्हणून मी बोट घातलं नाही," उस्ताद म्हणाले. "ट्रकात हत्यारं चढवताना ती निसटली. दस्त्यावर आपटली आणि आपली आपणच सुटली. खाली यशवंत कोकरे उभा होता. गोळ्या पोटात बसल्या... दिवस मावळेपर्यंत पाणी मागत होता."

"मला संध्याकाळी कळलं," मेजर पुटपुटले.

"व्हय."

"आठ दिवसांत माझी बदली झाली."

"व्हय."

"चौकशीत तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत."

"इचारलं, हत्यार कुणी तपासलं नाही? म्हणलं, मी. ते खरंच हुतं."

"पण मीच तर..." मेजर पुढं सरकले. "तुमच्या फिती उतरवल्या, उस्ताद. माझं नाव का नाही सांगितलंत?"

उस्तादांनी बंदूक दोघांच्या मधे ओट्यावर ठेवली.

"शिकीवलं कुणी हुतं तुम्हाला?"

मेजरांनी मान खाली घातली.

"यशवंताचं घर हितंच, खालच्या वाडीत," उस्ताद टेकडीखाली बोट दाखवत म्हणाले. "घरी आल्यावर पहिला तिथं गेलो. त्याच्या बायकुला, सारजाला, सांगितलं, माझ्या हातनं झालं. तिनं दार लावलं. अकरा वर्षं लावलेलं ठेवलं. मी दर बेस्तरवारी जाऊन दारात बसायचो. बाराव्या वर्षी दार उघडून भाकरी दिली. तवापास्नं दर बेस्तरवारी तीच वर येती."

"आज गुरुवार..."

"बेस्तरवारच हाय."

मेजर पायवाटेकडं बघायला लागले. डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत चढत होती. त्यांनी घाईनं टॉवेल उचलला आणि बंदुकीवर टाकला.

उस्तादांनी तो काढून बाजूला ठेवला.

सारजाबाई वर आल्या. पाटी उतरवून धापा टाकत उभ्या राहिल्या. पाहुण्याला त्यांनी हात जोडले. मग त्यांची नजर ओट्यावर गेली.

"ह्ये काय हाय, बाबा?"

"स्टेनगन."

त्या वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. हात लावला नाही.

"येवढीशीच असती व्हय ती?"

 त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्या रांजणाकडं वळल्या.

मेजर उठून उभे राहिले होते. कधी उठले ते त्यांनाही कळलं नाही. वाचायला आणलेले कागद पायाखाली पडले होते. रांजणावर वाकलेल्या त्या पाठीकडं बघत ते अगदी हळू म्हणाले,

"उस्ताद... तिनं माफ केलंय ना?"

उस्तादांनी पाटीतली भाकरी मोडली. अर्धी त्यांच्यापुढं धरली.

"मला."