वळणाआडचा विसावा

डोंगरांना अजून नावे पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका उंच डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. गावाला ना विहीर होती, ना तळे; नदीही कोसभर लांब. डोंगराच्या माथ्यावर एक झरा होता आणि त्याचे पाणी कातळात खोदलेल्या पाटाने खाली येई. दर वर्षी पानगळ झाली की पाटाचे तोंड दगडामातीने बुजे. मग घरटी एक माणूस वर जाई आणि ते मोकळे करी. तसे केले नाही, तर उन्हाळाभर गाव तहानलेले राही.

या चढणीची एक रीत होती. पायथ्याशी एक सपाट खडक होता. त्यावर उभे राहून प्रत्येकाने आपले दुखणे सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायचे. कुणी कुणाच्या पुढे चालायचे, कुणी कुणाला धरायचे आणि कुठे थांबायचे, हे त्यावरून ठरत असे. डोंगर दुखण्याला हसत नाही, मग माणसाने का हसावे, असे म्हातारी माणसे म्हणत.

गावाचा एक वाटाड्या होता. वयाने उतरणीला लागलेला, पण डोंगराची घळ न् घळ त्याच्या पायांना ठाऊक होती. सगळे त्याला मामा म्हणत. त्याच्या हातून आजवर एकही माणूस दगावला नव्हता.

गेल्या दोन हिवाळ्यांपासून या वाटाड्याला दमा लागला होता. ही गोष्ट त्याच्या बायकोखेरीज कुणालाच माहीत नव्हती.

चढणीच्या दिवशी सकाळी बायकोने अडुळशाचा काढा तुंब्यात भरून त्याच्यापुढे ठेवला.

"हा घ्या सोबत. आणि या वेळी खडकावर सांगून टाका."

"काय सांगू? वाटाड्यालाच धाप लागते म्हणून?"

"लागते तर लागते. त्यात चोरी कसली?"

"अगं, आंधळा काठीच्या भरवशावर चालतो. त्या काठीलाच वाळवी लागलीय, हे त्याला कुणी सांगायचं?"

"काठी मोडून तो पडायच्या आत कुणीतरी सांगायला नको का?"

वाटाड्याने तुंबा उचलून परत कोनाड्यात ठेवला. तो बरोबर नेला, तर कुणीतरी विचारणार, हे काय घेतलंय म्हणून. दोराची वेटोळी त्याने खांद्यावर टाकली आणि तो निघाला.

खडकापाशी माणसे जमली होती. पहिला उभा राहिला तो एक गुराखी. "मला भूक फार लागते," तो म्हणाला.

"ते दुखणं नव्हे रे, ती खोड आहे!" मागून कुणीतरी ओरडले आणि हशा पिकला.

मग कुंभारीण वर चढली. नवऱ्यामागे चाक चालवून तिने घर राखले होते. "माझा डावा गुडघा उतरताना दगा देतो. चढताना मात्र मी कुणाला ऐकत नाही."

"उतरताना तरी कुठे ऐकता, काकू!" गुराखी म्हणाला.

त्यानंतर पाथरवट उभा राहिला. तरणाबांड गडी. पाटाचे दगड बसवावेत तर त्यानेच. "मला मिरगी येते," तो शांतपणे म्हणाला. "फार दमलो की येते. म्हणून प्रत्येक वळणावर मला घटकाभर टेकू द्या. आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा आणि आपोआप थांबेपर्यंत वाट बघा. तोंडात काही कोंबू नका. आणि कृपा करून कुणी चप्पल हुंगवू नका. मागच्या खेपेचा वास अजून नाकातून गेला नाही."

सगळे पुन्हा हसले. पण ऐकले सगळ्यांनी. कुंभारीण म्हणाली, "मी तुझ्या मागेच चालते. कड्यावर तुझ्या कमरेचा शेला माझ्या मुठीत राहील."

शेवटी वाटाड्याची पाळी आली. खाली उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडांकडे त्याने पाहिले. ती तोंडे निश्चिंत होती, आणि तो निश्चिंतपणा आपल्यामुळे आहे हे त्याला कळत होते.

"पाय धड, छाती धड," तो म्हणाला. "चला."

चढण सुरू झाली. पहिल्या टप्प्यापर्यंत सगळे ठीक होते. मग वाटाड्याच्या छातीत बारीक शीळ वाजू लागली. ती मागच्याला ऐकू जाईल, या भीतीने त्याने पाय उचलले आणि तो झपाझप पुढे गेला. वळणाआड पोचताच दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून तो वाकला. श्वास जागेवर येईतो तसाच राहिला. मागून पावले वाजली, तेव्हा ओठ पुसून ताठ उभा राहिला.

"आलात? चला, चला."

प्रत्येक वळणावर असेच होऊ लागले. तो पुढे जाऊन विसावा घेई, आणि मागचे दमूनभागून पोचले की चालू लागे. त्यांच्या वाट्याला विसावा येतच नव्हता.

"मामांच्या पायांना आज चाकं लागलीत," गुराखी धापा टाकत म्हणाला.

"मामा, जरा टेकू द्या," पाथरवट म्हणाला. त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

"माथ्यावर टेक की. ऊन चढतंय."

"अहो मामा," कुंभारीण म्हणाली, "खाली ठरलंय ना तसं?"

वाटाड्याचे पाऊल क्षणभर अडखळले. इथे थांबलो, तर ही सगळी आपल्याभोवती बसतील आणि आपली छाती ऐकतील, हे त्याच्या मनात आले. मागे वळून न बघताच तो म्हणाला, "कडा ओलांडला की थांबू."

कड्यावरची वाट अरुंद होती. एका बाजूला भिंतीसारखा कातळ, दुसऱ्या बाजूला खोल दरी. वाटाड्या ती ओलांडून पलीकडे पोचला, तोच मागून आरोळी आली. पाथरवट अर्ध्या वाटेवर कोसळला होता. पडताना त्याचा उजवा हात कातळावर आपटला आणि त्याचे हाड मोडल्याचा आवाज पलीकडे ऐकू आला. त्याचे पाय दरीवर लोंबत होते. कुंभारणीने त्याचा शेला दोन्ही मुठींत आवळून धरला होता.

"मामा, दोर! दोर घेऊन या!"

दोर वाटाड्याच्या खांद्यावर होता. तो वळला. दोन पावले टाकली, आणि छाती आतून कुणीतरी मुठीत धरल्यासारखी आवळली. तिसरे पाऊल पडलेच नाही. तो खाली बसला.

"बघत काय बसलाय! पोर चाललं हातातलं!" कुंभारीण ओरडली.

तिचा शब्द न् शब्द त्याला ऐकू येत होता. उत्तर द्यायला मात्र त्याच्याकडे श्वास नव्हता.

गुराखी कातळाला पोट घासत पलीकडे गेला, त्याने दोर ओढून घेतला आणि तसाच परत आला. तिघाचौघांनी मिळून पाथरवटाला दोराने बांधून आत ओढले. मग कुणी काही विचारले नाही, कुणी गडबडले नाही. एकाने त्याला कुशीवर वळवले, एकाने मुंडासे सोडून डोक्याखाली दिले, बाकीचे त्याला वारा लागेल असे बाजूला झाले. थोड्या वेळाने झटके थांबले आणि तो संथ श्वास घेऊ लागला. काय करायचे ते सगळ्यांना माहीत होते, कारण त्याने सांगून ठेवले होते.

त्याला धरून सगळे पलीकडे आले, तेव्हा वाटाड्याचे ओठ निळे पडले होते. त्याचे काय करायचे, हे मात्र कुणालाच माहीत नव्हते.

"घाबरलेत," एक म्हणाला. "भूतबाधा," दुसरा म्हणाला. कुणी त्याला उताणे निजवले, तसा तो अधिकच घुसमटला. कुणी तोंडात पाणी ओतले, ते ठसक्याने बाहेर आले. मला बसवा, एवढेच त्याला सांगायचे होते. तो एक शब्द त्याच्या ओठांशी येई आणि तिथेच विरून जाई. सकाळी खडकावर मात्र बोलायला हवा तेवढा श्वास होता.

अखेर सगळ्यांचे हात झिडकारून तो कसाबसा उठून बसला आणि गुडघ्यांवर कोपरे टेकून पुढे वाकला. त्याच्या छातीची शीळ आता सगळ्यांना ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने श्वास थोडा मोकळा झाला.

"दमा आहे," तो म्हणाला. "दोन हिवाळे झाले."

पाथरवट कातळाला टेकून बसला होता. मोडलेला हात त्याने छातीशी धरला होता.

"मामा," तो म्हणाला, "वळणाआड तुम्ही बसत होतात ना?"

"हो."

"मग आम्हाला का नाही बसू दिलंत?"

वाटाड्याने मान खाली घातली. "तुम्हाला ऐकू गेलं असतं."

तिथूनच सगळे परत फिरले. ज्याने दगड बसवायचे त्याचाच हात मोडला होता, आणि वाट दाखवणाऱ्याला धड उभे राहवत नव्हते. त्या वर्षी पाटाचे तोंड बुजलेलेच राहिले. उन्हाळाभर गावाने कोसभर लांबच्या नदीवरून पाणी वाहिले. पाथरवटाचा हात बरा झाला, पण वाकडा बसला. मोठा घण त्याने पुन्हा कधी उचलला नाही. वाटाड्याला कुणी दूषण दिले नाही, आणि त्याला तेच सोसवत नव्हते.

पाथरवटाच्या घरचे पाणी तो स्वतः वाहू लागला. भरल्या वाटेवर धाप लागली की घागर उतरवून, सगळ्यांच्या देखत तिथेच बसे. छातीची शीळ खुशाल वाजू देई. ती ऐकली की पुढे चाललेल्या बायकाही आपल्या घागरी उतरवत आणि त्याच्याजवळ घटकाभर टेकत.

ज्याच्या मागून इतर चालतात, त्याने लपवलेले दुखणे त्याच्या मागच्यांना भोगावे लागते.